चाई पडलेली तेलवाली

आमच्या बचत गटाचं केसांचं तेल मीच उकळते. कॅनॉलच्या कडेचा माका मीच उपटून आणते आणि जास्वंद, कढीपत्ता घालून तिळाच्या तेलात काळा होईस्तोवर मीच ढवळते. आणि चाई पडली ती माझ्याच डोक्याला. आधी रुपयाएवढा गोल, मग तळहाताएवढा, आणि बघता बघता निम्मं डोकं गुळगुळीत.

उपाय सांगायला गावाला काय लागतं! कांद्याचा रस झाला, गुंजेचा लेप झाला. एका शहाणीने बिबा लावला, तो असा उतला की आठ दिवस उशीला डोकं टेकवलं नाही. स्वतःचं तेल तर मी घागरभर जिरवलं असेल. होते ते केस मऊ झाले, नवा एक उगवला नाही. शेतीशाळेतल्या एका मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, माक्यात काहीतरी आहे, शोध चालू आहे, पण चाईवर चालतोच असं छातीठोक सांगता येणार नाही. मला ते बोलणं पटलं.

आमच्या अध्यक्षबाईंनी मात्र बाटलीवर छापून आणलं, 'टकलावरही केस उगवतात.' वर मलाच म्हणाल्या, "ताई, तुमी परभणीच्या बाजारात बसू नका. तेलवालीच टकली म्हणल्यावर कोण घेईल? बसायचंच असंल तर डोक्यावरून पदर घ्या."

माझं टाळकंच फिरलं. उकळायला माझे हात चालतात, आणि विकायला माझं डोकं चालत नाही? बाजाराच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, उघड्या डोक्याने, आणि पेनाने प्रत्येक बाटलीवरची ती ओळ खोडली.

दुपारी एक बाई पोरीला घेऊन आली. पोरगी आठवी-नववीतली, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली.

"हिला चाई पडली. दिवाळीपासून शाळेत जाईना. यानं उगवतेत का केस?"

अध्यक्षबाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "न्हाई. हायेत ते मऊ व्हतील. चाईसाठी कातडीच्या डॉक्टरला दाखवा. बिबा तेवढा लावू नका."

अध्यक्षबाईंनी कपाळावर हात मारला. बाईने बाटली खाली ठेवली. पोरगी मात्र हलेना.

"तुमी अशाच बसता?"

"अशीच."

"लोक हासत न्हाईत?"

"हासतेत की. तू यायच्या आधी दोघी हासूनच गेल्या."

"मंग?"

"मंग काय? त्या गेल्या. मी हितंच हाय."