तीन वाजून बारा मिनिटे

ती वेळ आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकात मी कराडजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शेजारच्या साखर कारखान्यात ऊसतोडणीचा क्रम नुकताच संगणक ठरवू लागला होता. अचानक याद्या उलट्यापालट्या झाल्या. मागच्या नंबरचे फड आधी तुटू लागले, गावोगाव भांडणे पेटली.

संगणक विभागाच्या प्रमुखाने मला खाजगीत सांगितले, “ऑपरेटरवर संशय आहे. मंगळवारी दुपारी बोलवा, तेव्हा काम कमी असतं.”

ऑपरेटर आष्ट्याकडचा, तिशीतला. मंगळवारी दोन ते पाच त्याला ठाण्यात समोर बसवले, काहीच निघाले नाही. गुरुवारी प्रमुखाने लेखी फिर्याद दिली: प्रोग्राम बदललाय, फाईलवर सोमवारची तारीख आहे, त्या दिवशी हाच एकटा कामावर होता. मी त्याला अटक केली. तो नाही म्हणाला. मी थोबाडीत लगावली.

गाल चोळत तो म्हणाला, “सायेब, प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर खाली बारीक तारीख-वेळ येती. ती ओळ म्याच टाकलीया. येकदा बगा तरी.”

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंगच्या एका प्राध्यापकांना घेऊन कारखान्यात गेलो. ते म्हणाले, “संगणकाच्या सी भाषेत तारखेचा आणि वेळेचा असे दोन मॅक्रो, म्हणजे सांकेतिक शब्द, तयारच असतात. प्रोग्राम कंपाईल होतो, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालणारी फाईल बनते, त्या क्षणाची तारीख-वेळ कंपायलर आतच भरून टाकतो. फाईलवरची तारीख बाहेरून मागची करता येते. ही तशीच राहते.”

पडद्यावर मंगळवारची तारीख होती. वेळ, तीन वाजून बारा मिनिटे. संगणकाचे घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिले, बरोबर होते. त्या वेळी ऑपरेटर माझ्यासमोर बसलेला होता. स्टेशन डायरीत त्याच्या येण्या-जाण्याच्या नोंदी होत्या, खाली माझी सही. संगणक खोलीची एक किल्ली त्याच्याकडे असे, दुसरी फक्त प्रमुखाकडे होती.

प्रमुख तासाभरात बोलला. पैसे घेऊन याद्या तो आधी हातानेच फिरवत होता. दोष ऑपरेटरवर जावा म्हणून त्याने प्रोग्राम बदलला, फाईलवर सोमवारची तारीख टाकली आणि त्यासाठी ऑपरेटरला खोलीबाहेर काढायचे काम माझ्याकडून करून घेतले.

ऑपरेटरला न्यायला त्याचे वडील आले. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांना मी डायरीतली नोंद मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी ती सावकाश वाचली, पुढची पाने उलटली.

“आवं सायेब,” ते म्हणाले, “तुमी माझ्या पोराच्या थोबाडीत मारली, ती वेळ कुटं लिवलीया?”

ती कुठेच लिहिलेली नव्हती. माणसाला हात लावण्याआधी त्याचे म्हणणे तपासून पाहावे, एवढे मी त्या दिवशी शिकलो. पण त्या न लिहिलेल्या वेळेची लाज मला अजून वाटते.