हळदीवर चाललेली व्हॅन: कुपवाड ते पाचगणी

पाचगणीला जायचं ठरलं ते हवा खायला नव्हे, लोखंडी खाटा पोचवायला. आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा सरत आला होता. माझे यजमान नुकतेच पलटणीतून पेन्शन घेऊन आले होते. सगळे त्यांना हवालदार म्हणायचे, मीही म्हणायची. लग्नाला अकरा वर्षं झालेली, त्यातली बहुतेक त्यांनी काश्मीर नाहीतर आसामात काढलेली. पुण्याच्या एका कारखान्यात गेटवरची नोकरी त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. ती नको, आता पोरांजवळ सांगलीतच राहायचं, म्हणून त्यांनी एका बेकरीची जुनी बंद व्हॅन साडेपाच हजारांना घेतली. फंडाचे होते नव्हते ते पैसे त्यात गेले. मला विचारलं नाही. दारात आणून उभी केली आणि म्हणाले, "आता कुठं जायचं न्हाई." अकरा वर्षं हेच ऐकायची वाट बघत होते, मग भांडणार काय, डोंबल?

तुमच्यापैकी कुणी जुनी मालवाहू गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर जरा ऐका. बेकरीवाल्याने वरून रंग झकास मारला होता, त्याखालून 'ताजा पाव' मात्र दिसायचंच. स्टार्टर मेलेला. तो दुरुस्त करायला नव्वद रुपये सांगितले, म्हणून आम्ही हँडल मारायचो. मागच्या चाकावरच्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं, एक पान तुटलेलं, त्याचे पंचेचाळीस गेले. ब्रेकची रबरं बदलली, तीस. माझ्या बाजूचं दार सुतळीने बांधलेलं. आणि रेडिएटर पाझरायचा. तो दोनदा झाळून घेतला, दोन्ही वेळा पंधरा-पंधरा रुपये, आणि दोन्ही वेळा आठवड्यात पुन्हा टिप टिप सुरू. नवी जाळी टाकायची तर अडीचशे. एवढे आणायचे कुठून?

त्यात हे काम आलं. कुपवाडच्या एका वर्कशॉपात पाचगणीच्या बोर्डिंग शाळेसाठी खाटा तयार झाल्या होत्या. शाळा उघडायच्या आत त्या पोचल्या पाहिजेत, आणि वेळेवर पोचवणाऱ्यालाच शाळेचं वर्षभराचं धान्य, कोळसा, सामान वाहायचं काम मिळणार, असं वर्कशॉपच्या मालकांनी सांगितलं. हे काम मिळालं की पुण्याची नोकरी गेली खड्ड्यात, असा आमचा हिशेब. पोरांना शेजारी ठेवलं. गाडीत पाणी ओतायला दुसरं माणूस हवं म्हणून मी निघाले. माझा पहिला प्रवास असा, रिकामा डबा मांडीवर घेऊन.

निघताना वर्कशॉपात गाडीखाली ओल दिसली. तिथल्या माणसांनी लगेच हळद मागवली. सांगलीत हा उपाय पोरासोरांना ठाऊक. रेडिएटरात मूठभर हळद टाकायची, ती फुगते आणि बारीक भोकं बुजतात. बुजलीसुद्धा. हवालदार खूश झाले.

आज तुम्ही पेठनाक्यावरून सरळ हायवेला लागाल. आम्ही तासगाव, विटा करत सासरच्या कडेगावला गेलो, कारण नवी गाडी आधी गावच्या देवापुढे नेल्याशिवाय धंद्याला लावायची नाही, असा घरचा दंडक. रस्ता असा की खाटा मागे रात्रंदिवस भांडणाऱ्या जावांसारख्या वाजत होत्या. माझी सख्खी जाऊ मात्र गुणाची. नारळ फुटला, तिने गाडीच्या नाकाला हळदीकुंकू लावलं, आम्हाला भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. तेवढ्यात दिरांना पुन्हा थेंब दिसला. त्यांनी घरची हळद दोन मुठी भरून ओतली. आपल्या वावरातली हाय, म्हणाले, लय कसदार. नको कसं म्हणायचं? पुढे कराडच्या स्टँडसमोर भजी खायला थांबलो, तिथे एका ट्रकवाल्यानेही मायेने पुडी काढून दिली. एकूण काय, ज्याला त्याला आमची दया आली, आणि ज्याच्या त्याच्याकडे हळद होती.

साताऱ्याच्या अलीकडे गाडी तापायला लागली. दर चार-पाच मैलांवर थांबा, बोनेट उघडा, मी डबा घेऊन विहीर नाहीतर ओढा शोधायला जायची. साताऱ्यात एका मेस्त्रीला दाखवली. त्याने झाकण काढलं, काडी आत घातली, ती पिठल्यात बुडवल्यासारखी वर आली. रेडिएटर उतरवून धुवायला हवा म्हणाला, चाळीस रुपये होतील, गाडी उद्या संध्याकाळी मिळेल. शाळा तर उद्याच उघडणार होती. मी म्हटलं, थांबूया, उशीर झाला तर शाळेचे पाय धरू. हवालदारांनी मान हलवली. पलटणीत कुणी उशिराचं कारण ऐकत नाही म्हणाले. मेस्त्रीने चढावर जपा एवढं सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

रात्र वाईत धर्मशाळेत काढली आणि पहाटेच्या गारव्यात पसरणीचा घाट धरला. तुम्ही जाल तेव्हा अर्ध्यावर थांबून मागे वळून बघा, सगळं वाईचं खोरं दिसतं. आम्हीही अर्ध्यावर थांबलो, पण हौसेने नाही. आधी पांढरा धूर, मग शिट्टीसारखा आवाज, आणि इंजिन बंद. हवालदारांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली. तिच्यावर दुधाळ चहा. हेडचं गॅसकेट गेलं होतं आणि पाणी ऑइलात उतरलं होतं. ते दगडावर बसले आणि टोपी काढून हातात धरली. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

थोड्या वेळाने वाईचा एक रिकामा ट्रक वर चालला होता. ड्रायव्हर त्याच ट्रकचा मालक, भला माणूस. त्याने खाली उतरून खाटा भरायला हात लावला. हवालदारांनी आमची गाडी घाटाच्या भिंतीला लावून चाकांखाली दगड टाकले, आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून पाचगणीला पोचलो. शाळेत अजून एकही मूल आलं नव्हतं. आम्ही वेळेत होतो! माझ्या जिवात जीव आला.

शाळेचे व्यवस्थापक बाहेर आले. खाटा बघितल्या, बरोबर आहेत म्हणाले. मग विचारलं, ट्रक कोणाचा? ड्रायव्हरने माझा म्हणून सांगितलं. घाट चढायला ही गाडी बरी दिसते म्हणाले, आणि वर्षभराचं काम तिथल्या तिथे त्याला देऊन टाकलं. हवालदार तेव्हा खांद्यावर खाट घेऊन जिना चढत होते. खाली आले तेव्हा ड्रायव्हरनेच त्यांना सांगितलं.

"हवालदार, मी न्हाई म्हणणार हुतो," तो मान खाली घालून म्हणाला. "पर माजीबी पोरं हायती."

"घ्या तुमी," हवालदार म्हणाले. "तुमची गाडी चढली."

आणि राहिलेल्या खाटा वाहायला परत गेले. मी त्या व्यवस्थापकांना सगळं सांगायला निघाले होते, तर वाटेत हवालदारांनीच मला हाताला धरून थांबवलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही.

गाडी दोराने ओढत वाईला आणली. तिथल्या मेस्त्रीने हेड उघडलं, तर तेही वाकलेलं. हेड, गॅसकेट, नवी जाळी, मजुरी मिळून नऊशेच्या खाली होणार नाही म्हणाला, आणि एवढं करून गाडी चालेलच याची खात्री नाही. आम्ही गाडी त्यालाच अकराशेला दिली आणि एसटीने सांगलीला आलो. अख्ख्या वाटेत हवालदार खिडकीबाहेर बघत होते.

महिना संपायच्या आत ते पुण्याला गेले. गणपतीला यायचे, दिवाळीला यायचे, चार दिवस राहायचे. कायमचे परत आले ते छातीचं दुखणं घेऊन, आणि फार दिवस राहिले नाहीत.

पाचगणी छान आहे, जरूर जा. मी पुन्हा गेले नाही. ती थंड हवा, तो घाट यातलं माझ्याजवळ फारसं काही उरलेलं नाही. एक मात्र राहून राहून वाटतं. सगळ्या संसारात मी त्यांच्या शेजारी इतका वेळ सलग कधी बसले असेन, तर ती त्याच गाडीत. आणि त्या सगळ्या वाटेवर आम्ही दोघं बोललो ते फक्त डब्यात पाणी किती उरलंय, एवढंच.