माझ्या कारागिराने अजून हो म्हटलं नाही

दोन खुर्च्यांचं सलून, दोन भावांचं. थोरला बोलघेवडा, धाकटा मुखदुर्बळ. पण धाकट्याचा हात असा हलका, की दाढी करता करता गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. दुकान उघडण्याआधी दोघं एकमेकांची दाढी करायचे. हा त्यांच्या बापाच्या वेळचा नेम. बाप म्हणायचा, घरच्यानं मान पुढे केली नाही, तर परक्यानं का करावी?

मग धाकट्याला समोर नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. झोप उडाली, जेवण सुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्किझोफ्रेनिया. झालं! लोकांच्या जिभेला काय हाड? कुणी म्हणे, त्याच्या अंगात दोन माणसं राहतात. कुणी म्हणे, एकदा गेलेलं डोकं परत येत नाही. डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला समोर बसवून सांगितलं, "दोन माणसं वगैरे काही नसतं. आणि असे आजारी लोक दुसऱ्याच्या जिवावर उठतात, हेही बहुतेकांच्या बाबतीत खोटं. पुष्कळ जण सुधारतात, कामाला लागतात. फक्त बरं वाटलं म्हणून मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत." थोरल्याने मान डोलावली. पटलंही त्याला. पण पटणं वेगळं आणि गळ्यावर वस्तरा घेणं वेगळं!

दीड वर्षाने धाकटा दुकानात परतला. थोरल्याने त्याला कैची दिली, कंगवा दिला. वस्तरा मात्र स्वतःच्या खिशात. दिवसभर त्याचा एक डोळा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, दुसरा धाकट्यावर. तो गप्प बसला की थोरला वळून बघायचा, गुणगुणला की दोनदा. आणि स्वतःची दाढी? ती हा शहाणा समोरच्या सलूनमध्ये जाऊन करून यायचा. स्वतःचं दुकान असताना!

महिना गेला तरी धाकट्याच्या खुर्चीत कुणी बसेना. असंच चाललं तर पोरगं पुन्हा घरात कोंडून घेईल, या धास्तीने थोरल्याला घास गोड लागेना. एका सकाळी तो वैतागला, "लोकांना अक्कलच नाही. तुझ्यात काय कमी आहे रे?"

धाकटा झाडू मारत होता. वर न बघताच म्हणाला, "दादा, लोक तुझ्याकडे बघतात. तूच दाढीला समोर जातोस ना."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धाकट्याच्या खुर्चीत बसला, खिशातला वस्तरा त्याच्या हातात दिला आणि मान मागे टाकली. भीती वाटत होती, आणि सख्ख्या भावाची भीती वाटते याची लाजही. गालावर फेस आला. वस्तऱ्यात नवं ब्लेड बसल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. थोरल्याने डोळे गच्च मिटले.

"नको दादा," धाकटा म्हणाला.

थोरल्याने डोळे उघडले. धाकट्याने उजवा हात पुढे धरला होता. बोटं बारीक थरथरत होती.

"नव्या गोळीने होतंय. डॉक्टरीणबाईंना कळवलंय, त्या बदलून देणार आहेत. हात थांबला की करीन. असल्या हाताने मी कुणाच्या गळ्याला वस्तरा लावणार नाही."

थोरल्याला आठवलं, मागे एकदा तापाने फणफणलेला असताना त्याने स्वतः सहा दाढ्या उरकल्या होत्या, कुणाला पत्ता लागू न देता. त्याला रडूच फुटलं. धाकट्याने फेस पुसायला टॉवेल पुढे केला.

त्या दिवसापासून थोरला समोर गेला नाही. दाढी वाढत चालली. गिऱ्हाइकं टवाळी करायची, "काय मालक, दिव्याखाली अंधार?"

"माझ्या कारागिराने अजून हो म्हटलं नाही," थोरला सांगायचा.