सोजराबाईंचा उंबरा

अंतःकरणाचा आधार सुटला की त्या अवस्थेला नाव द्यायला आपल्या वाणीत शब्दांची वानवा नाही. उन्मनस्क, दिङ्मूढ, निरालंब, भ्रांत. 'अनिकेत' हा शब्द तर आपण गौरवानेच उच्चारतो. पण तो ज्याने स्वेच्छेने घर त्यागले त्याचा. ज्याचे घर पाण्याने घेतले, त्याच्यासाठी मला भालकी तालुक्यातल्या सोजराबाईंच्या तोंडचा शब्दच आठवतो. करमेनासे झाले की त्या म्हणत, "गमंना."

ऐंशीनंतरच्या वर्षांत धरण भरले आणि नदीकाठचे त्यांचे गाव बुडाले. वरच्या रानात नवे गाव आखले गेले. सरळ रस्ते, सारखी घरे, सारखेच निळे दरवाजे. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसे चार दिशांना पांगली. सोजराबाईंची शेजारीण निलम्मा पार पलीकडच्या टोकाला गेली. एक मराठी बोले, दुसरी कानडी. उभ्या आयुष्यात दोघींना दुभाष्याची गरज भासली नव्हती.

सोजराबाई विधवा, साठी ओलांडलेल्या. एके सकाळी हातपंपावरून घागर आणून त्या घरात शिरल्या, घागर उतरवली आणि चूल फुंकू लागल्या. मागून व्यंकट गवंडी म्हणाला,

"काकू, भाकरी टाकणारच असलाव तर दोन जास्तीच्या टाका. घर माझं हाय."

गाव हसले, सोजराबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून त्या बाहेर पडेनाशा झाल्या. जाणत्या बाया म्हणाल्या, हिला चकवा लागला. ओळखीच्या रानातही माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो तो चकव्यामुळे, असा तिकडचा समज. त्यावर उपाय एकच: धावाधाव करू नये, आहे तिथे खाली बसावे, वाट आपणहून डोळ्यांत उतरेपर्यंत. बुडालेल्या घराचा उंबऱ्याचा दगड सोजराबाईंनी बैलगाडीतून आणला होता. नव्या दाराला तो बसेना म्हणून अंगणात पडून होता. त्याच्यावर त्या दिवसभर बसत.

मुलगा नागनाथ गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत होता. तो न्यायला आला.

"माय, हितं कामून झुरायलीस? चल माझ्यासंगं."

"हितं निदान दगड तरी माझा हाय. पंचमी होऊ दे. तवर गमलं न्हाई तर येते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या उठल्या ते गोवरीचा तुकडा हातात घेऊनच. जुन्या गावात जिची चूल आधी पेटे, तिच्या दारी बाकीच्या विस्तवाला जात. नव्या गावात घरोघरी काडेपेटी आली होती आणि कुणाला कुणाच्या दारी जायचे कारण उरले नव्हते. सोजराबाई विचारत विचारत निलम्माच्या दाराशी पोचल्या. निलम्माने गोवरीवर निखारा ठेवला आणि म्हणाली, "मनस्सु हत्तवल्दु, अक्का." मन लागत नाही. म्हणजे 'गमंना' एकटीचे नव्हते.

निखारा फुंकत त्या परतल्या.

"घरात काडेपेटी हाय की, माय," नागनाथ म्हणाला.

"हाय. पर ती बोलती व्हय?"

मग हा नित्यक्रमच झाला. मधल्या मोकळ्या जागेतून त्या तिरप्या जात. पाहता पाहता इतर बायाही आपापल्या जुन्या शेजारणींकडे त्याच बाजूने जाऊ लागल्या. पंचमीपर्यंत काळ्या मातीत पायवाट उमटली. नागनाथ पुन्हा आला, तेव्हा त्याच्या रुमालात लाह्या बांधून मायने त्याला एकट्यालाच परत धाडले.

हिवाळ्यात त्या मोकळ्या जागेत शाळेची भिंत घालायचे ठरले. सकाळी सोजराबाई विस्तव घेऊन परतताना पाहतात, तर पायाचा चर वाटेच्या मधोमध खणलेला. चौकोनी रस्त्यांवर त्यांना अजून घर सापडत नसे. ही वाट गेली तर गावही गेले. त्या चरात उतरल्या आणि खाली बसल्या.

"आजी, उठा. काम खोळंबलंय," तालुक्याहून आलेले ओव्हरसियर म्हणाले.

"मला चकवा लागलाय, साहेब. वाट दिसंपतुर उठायचं नसतंय."

"नकाशात इथं वाटच नाही."

"म्हणूनशान तर बसलेय."

मागून येणाऱ्या बायाही निखारे सांभाळत एकेक करून चरात बसल्या. पलीकडून निलम्मा आली आणि अक्काला खेटून बसली. व्यंकट आखणीची दोरी गुंडाळू लागला.

"साहेब, ह्या काकूला मी वळखतो. एकदा घुसली की चूल पेटल्याबिगर उठत न्हाई."

ओव्हरसियर हसले. धुराने त्यांच्या डोळ्यांत पाणीही आले होते. "सोडा फाटकाएवढी जागा," ते म्हणाले.

त्या फटीत बसवायला सोजराबाईंनी अंगणातला दगड दिला. ज्याला घराचे दार पुरले नव्हते, तो गावाच्या वाटेला नेमका बसला. व्यंकटाने चुना घोटून तो पक्का केला. दुसऱ्या दिवशी त्यावरून पहिले पाऊल सोजराबाईंचे पडले. डाव्या हाताने पदर सावरीत, उजव्या हातातली गोवरी फुंकीत त्या आपला उंबरा ओलांडून घरी गेल्या, कुणालाही न विचारता.