कळलावीच्या बादलीतली मेथी

घोडबंदरला रस्त्याच्या कामात जेसीबीने एक कळलावी मुळासकट उपटून टाकली होती. मी तिचा कंद रुमालात बांधून भाईंदरला आणला. शेजारी भाजी विकणाऱ्या बाईंनी बजावलं, "हात धू गं घरी गेल्यावर. इखारी हाय ती."

रंगाच्या जुन्या बादलीला भोकं पाडून मी कंद लावला आणि बादली खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली. पावसाळ्यात लाल-पिवळी पाच फुलं आली. दिवाळीनंतर मात्र सगळा वेल वाळून गेला. कंद जिवंत असतो, त्याला नुसतं झोपू द्यायचं, हे मला ठाऊक होतं. पण घरात कोणाला सांगायचं राहिलं.

जानेवारीत ऑफिसातून आले तर सासूबाई त्याच बादलीतली कोवळी मेथी खुडत होत्या. रिकामी माती बघून त्यांनीच पेरली होती; वेल वाळल्यापासून माझं त्या बादलीकडे लक्षच नव्हतं.

"आई, ती नका घेऊ. खाली विषारी कंद आहे."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "वीस दिवस पाणी घालतेय मी. तेव्हा नाही सांगितलंस?"

मेथी टाकून दिली. दोन दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना मोबाइलमधला फुलाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"हे होय! आमच्याकडे रत्नागिरीला कुंपणावर असायचं. आधी दाखवायचास ना."

तेव्हापासून बादली त्यांची झाली. उन्हाळाभर त्यांनी तिला पाण्याचा थेंब दिला नाही, मलाही देऊ दिला नाही. जूनमध्ये दोन कोंब वर आले. पानांच्या टोकांनी ग्रिल धरत वेल चढत गेला तो थेट वरच्या मजल्यावर. तिथल्या गुजराती काकींनी खिडकीतून हाक मारली, "आपका पौधा मेरे घर आ गया. काटूं क्या?"

"मत काटो," सासूबाई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "फूल आएगा. बस हात मत लगाना, जहर है."

फुलं आली ती सगळी काकींच्या खिडकीत. आमच्या वाट्याला नुसता वेल. सासूबाई रोज सकाळी फुलं बघायला वर जातात आणि तासाभराने चहा पिऊन, कधी थेपले घेऊन खाली येतात. यंदा फुलं किती, हे मला त्यांच्याकडूनच कळतं.