ओनिशी-सानच्या बदल्यात कोण?

मंडळी, जपानमधल्या कावासाकीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या रविवारच्या बास्केटबॉल टीमचा मी कॅप्टन. आम्ही बास्केट भरपूर करतो, पण समोरच्याला अडवत कोणी नाही. म्हणून पलीकडच्या टीमशी अदलाबदल ठरत होती. त्यांचे ओनिशी-सान आमच्याकडे येणार, आमचा एक जण तिकडे जाणार.

ओनिशी-सान पन्नाशीचे, गुडघ्याला पट्टा. "वर्षभरात घरी बसतील," असं आमचा समीर म्हणत होता. आज सकाळी ते ट्रायलला आले आणि समीरला त्यांनी एकही बास्केट करू दिली नाही. वाद तिथेच मिटला.

द्यायचा कोण, हे आधीच ठरलं होतं. नचिकेत. नेम यथातथाच आणि तोंड अखंड चालू. "मागे बघ! डावीकडून आला!"

खेळ संपल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मिळून कोर्ट पुसलं. मॉप ढकलता ढकलता ओनिशी-सान मला म्हणाले, "मी येतो. फक्त तो ओरडणारा माझ्यामागे ठेवा. भाषा कळत नाही, पण त्याच्या आवाजावर पाय हलतात. बाकीचे तुम्ही गप्प खेळता."

दुपारी ग्रुपवर विचारलं, आता नचिकेतऐवजी कोणाला द्यायचं?

 नचिकेतनेच लिहिलं, "दादा, सगळ्यात गप्प तर तूच खेळतोस."

त्यावर भराभर अंगठे आले. पहिला समीरचा.

पलीकडच्या टीममध्ये मराठी कोणीच नाही. मग ओरडायला शिकायचं ते कोणत्या भाषेत, सांगा?