दहा अक्षरं, नऊ चौकोन

"इस महीने के बाद क्रॉसवर्ड बंद," शुक्लासाहेब म्हणाले. "जंग में पहेली कौन भरता है? आपका एक्झिट लगवा देंगे."

एक्झिट म्हणजे इकामा, तिथे राहायचा परवाना, रद्द, बोऱ्याबिस्तरा गुंडाळा आणि चालते व्हा. जानेवारी एक्क्याण्णव, आखाती युद्ध पेटलेलं. सौदीतल्या अल-खोबरच्या एका इंग्रजी दैनिकात मी शब्दकोडी रचायचो. पोरगी दहावीला. परीक्षा तोंडावर आलेली असताना तिला घेऊन मी भारतात कुठली शाळा धुंडाळणार होतो? पण शुक्लासाहेब न्यूज एडिटर. आख्खं युद्ध जणू त्यांच्याच टेबलावरून चालायचं, त्यांना पोरीची दहावी कुठून दिसणार!

तेव्हा पान हाताने लागायचं. टाइप केलेला मजकूर ब्लेडने कापून बोर्डावर चिकटवायचा, याला पेस्ट-अप म्हणत. कोड्याचे चौकोन एका पाकिटात, सूत्रं दुसऱ्या पाकिटात. दोन्हींवर एकच नंबर हवा. पान सुटण्याआधी मी पेन्सिलीने चौकोन मोजायचो. चार वर्षांत एक दिवस चुकलो नव्हतो.

त्या दुपारी सायरनमुळे दोन तास वाया गेले. शुक्लासाहेब पेस्ट-अपवाल्या मुकादमभाईंच्या डोक्यावर उभे. "यल्ला, यल्ला! स्पीड बढ़ाओ!"

मुकादमभाई रत्नागिरीचे, शांत माणूस. मला म्हणाले, "भाऊ, चौकोन मोजून घ्या जरा."

"जाऊ द्या हो! माझं काय राहिलंय आता इथे?" मी फणकारलो. मोजले नाहीत. पान गेलं.

सकाळी ऑफिसात पाय ठेवला तर फोन वाजतोय. एक मराठी बाई.

"अहो, रात्रभर खिडक्यांना चिकटपट्ट्या मारलेल्या खोलीत बसलोय आम्ही, मांडीवर गॅस मास्क घेऊन. एक आडवा, 'वेग वाढवणे', दहा अक्षरं. ॲक्सेलरेटच ना?"

"हो."

"मग चौकोन नऊच कसे? शेवटचा 'ई' काय माझ्या कपाळावर लिहू?"

पाकिटं उघडली. सूत्रं आजची, चौकोन उद्याचे! घाईघाईत भलतंच पाकीट उचललं गेलं होतं. वेग वाढवायच्या नादात नेमका 'वेग वाढवणे'च बसत नव्हता. मेलो, म्हटलं. महिनाअखेर कसली, आजच एक्झिट.

फोन थांबेनात. इंजिनिअर, नर्स, बँकवाले, सगळे चिडलेले. शेवटी वैतागून शुक्लासाहेबांनीच एक उचलला आणि ताडकन उभे राहिले. पलीकडे मालक, म्हणजे आम्हा सगळ्यांचे कफील, ज्यांच्या सहीवर आमचं तिथलं राहणं. अमेरिकेत शिकलेले. तेही तळघरात बसून कोडंच सोडवत होते म्हणे!

"यस सर. नाइन, सर. टेन चाहिए... सॉरी, टेन शुड बी, सर. नो सर, बंद कौन कर रहा है?"

फोन ठेवून त्यांनी घाम पुसला. हुकूम असा: कोडं रोज येईल, मोठ्या आकारात. आणि चौकोन न्यूज एडिटर स्वतः मोजतील.

मग काय! रोज दुपारी युद्ध बाजूला ठेवून शुक्लासाहेब पेन्सिल घेऊन बसायचे. "वन, टू, थ्री..." मुकादमभाई मागे बोर्ड धरून उभे. एकदा अगदी नम्रपणे म्हणाले, "साब, यल्ला."

पोरीने दहावी तिथेच दिली. चार वर्षं मी बिनचूक कोडी दिली, तर कोणी कुत्रं विचारत नव्हतं. त्या दुपारीही इमानदारीत चौकोन मोजले असते, तर फेब्रुवारीत मी घरी असतो.